कोकणात थंडी पडते का? – हा आठवडा, रोजचे आकडे

पडवीवाला (सोमवार, सकाळी ७.५२)
मंडळी, गेल्या वर्षी इथे थंडीवर वाद झालेला तेव्हा एकाने लिहिलं होतं की कोकणात थंडी नसते, फक्त मफलर असतात. ते डोक्यात राहिलं. यंदा दीडशे रुपयांचा थर्मामीटर घेतला, पडवीच्या भिंतीला खिळा ठोकून टांगला आणि आजपासून रविवारपर्यंत रोज आकडा टाकणार आहे. गाव रत्नागिरी तालुक्यात, समुद्र सरळ रेषेत सहा-सात किलोमीटर, वर सडा (कातळाचं पठार), खाली वहाळ (ओढा) आणि मधल्या उतारावर घर नि आंब्याची साठेक कलमं. आज पहाटे साडेसहाला २१. आकाश निरभ्र, वारा पूर्वेचा पण अगदी मंद, दव मात्र एवढं की पत्र्यावरून टपटप चालू होती, आईला वाटलं पाऊसच आला.
आपापल्याकडचं टाका.

घाटावरचा (सोमवार, ८.१०)
२१??? अहो साताऱ्यात सध्या २१ ला आम्ही दुपार म्हणतो. मफलर काढा आता.

दादरची_काकू (सोमवार, ८.३४)
मुंबईत थंडी म्हणजे पंखा एकवर आणि पायावर चादर. आज पंखा बंद होता, म्हणजे पडलीच म्हणायची. पण समोरचं काही दिसत नाहीये हो, शिवाजी पार्कात सकाळी चालायला गेले तर हवा अशी करडी, घशात खवखव. ही थंडी की धूर?

पडवीवाला (सोमवार, ९.०५)
@घाटावरचा, थांबा हो, आठवडा जाऊ दे.

साळुंकी (सोमवार, ११.२०)
इकडे अलिबागजवळ पहाटे शेतावर गेलो तर पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला. वालाला हेच पाहिजे. भात कापल्यावर जमिनीत जी ओल राहते तिच्यावर आणि दवावर येणारं पीक ते, पाणी द्यावं लागत नाही. शेंगा भरल्यात. शनिवारी पोपटी (मडक्यात भाजलेल्या शेंगा) आहे, कुणी येत असेल तर या, पत्ता मेसेजमध्ये.

खारेवारे (सोमवार, रात्री ९.४८)
धागा आवडला. पण पडवीवाले, थर्मामीटर कुठल्या भिंतीला टांगलाय ते सांगा आधी. चिऱ्याची भिंत आहे का? पश्चिमेची? तसं असेल तर तुम्ही हवेचं नाही, भिंतीचं तापमान मोजताय. जांभा चिरा दुपारभर ऊन पितो आणि रात्रभर सोडतो. पडवीला वर छप्पर, म्हणजे उष्णता आभाळाकडे जायचीही सोय नाही. हवामान खात्याचा थर्मामीटर पांढऱ्या रंगाच्या, फटी-फटीच्या लाकडी पेटीत असतो, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, उघड्या जागेत. तुम्ही मोकळ्यावर नुसता टांगलात तर दव पडून तो भलतंच दाखवेल, तेव्हा वरून काहीतरी आडोसा पाहिजे पण हवा खेळती पाहिजे.

काकू, तुमचा तो धूरच आहे. रात्री जमिनीलगतची हवा गार होते आणि तिच्यावर गरम हवेचं झाकण बसतं, मग खालचा धूर नि बांधकामाची धूळ वर जातच नाही. उन्हाने झाकण मोडलं आणि समुद्रावरून वारा सुटला की हवा साफ होते, पण या दिवसांत तो वाराच उशिरा येतो.

पडवीवाला (मंगळवार, ६.५५)
चिऱ्याचीच आहे. पश्चिमेचीच आहे. च्यायला.
आज तिथेच २०.५.

घाटावरचा (मंगळवार, ७.३०)
म्हणजे प्रयोग पहिल्या दिवशीच आउट हाहाहा

पडवीवाला (मंगळवार, दुपारी २.१५)
आता ही गंमत बघा. सकाळी कानटोपी घालून कलमांत हिंडलो आणि दुपारी एकला त्याच थर्मामीटरवर ३४. बनियनवर बसलोय. वारा सकाळपासून पूर्वेचा, कोरडा, ओठ फुटायला आलेत. दीडच्या सुमाराला एकदम वारा फिरला, समुद्राकडून आला आणि दहा मिनिटांत बरं वाटायला लागलं. (थर्मामीटर भिंतीवरच आहे अजून, शिव्या घालू नका, दुपारी त्या भिंतीवर सावली असते.)

खारेवारे (मंगळवार, रात्री १०.०२)
शिव्या नाही घालत, हे निरीक्षण झकास आहे. शाळेत मतलई वारे नि खारे वारे शिकलो ते हेच. रात्री जमीन लवकर गार होते, वारा जमिनीकडून समुद्राकडे, तो मतलई. दिवसा जमीन तापली की उलट, तो खारा. एरवी खारा वारा सकाळी दहा-अकराच्या दरम्यान सुटतो आणि कमाल तापमान तिथेच अडकतं. पण उत्तरेकडून देशावर थंड कोरडी हवा उतरली की पूर्वेचा जोर वाढतो, ती हवा सह्याद्री उतरून खाली येते, आणि खाली येणारी हवा दाबली जाऊन तापते नि आणखी कोरडी होते. खारा वारा तिच्याशी रेटारेटी करत राहतो, एक-दोन वाजेपर्यंत आत येऊ शकत नाही. म्हणून ऐन जानेवारीत देशातलं सगळ्यात जास्त तापमान कुठे तर रत्नागिरी, मुंबई नाहीतर पणजी, अशा बातम्या येतात. लोकांना वाटतं चूक छापलं. चूक नसतं.

आणि पहाट फार का उतरत नाही, तर शेजारी समुद्र. अरबी समुद्राचं पाणी आपल्या किनाऱ्याला जानेवारीतही २७-२८ अंशांच्या आसपास असतं. एवढी मोठी शेगडी शेजारी पेटलेली असताना साताऱ्याशी तुलना कशी करणार.

घाटावरचा (मंगळवार, रात्री १०.४०)
मग थंडीची लाट वगैरे तुमच्याकडे येतच नसेल.

खारेवारे (मंगळवार, रात्री ११.१५)
येते. नियम वेगळा आहे. किनाऱ्यावरच्या केंद्रात किमान १५ किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी कमी असेल तर लाट म्हणतात, देशावर १० लागतं. आणि मुंबईला हसू नका, सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ ला ७.४ नोंदलंय.

दादरची_काकू (बुधवार, ६.२०)
७.४!! आमच्या सासूबाई सांगायच्या की त्या वर्षी खोबरेल तेलाची बाटली दिवसभर घट्टच होती, मला वाटायचं वाढवून सांगतात.
सगळ्यांना संक्रांतीच्या शुभेच्छा, तिळगूळ घ्या गोड बोला. (हे घाटावरचा यांना विशेष.)

पडवीवाला (बुधवार, ७.४०)
तिळगूळ घ्या सगळ्यांनी.
काल तालुक्याला गेलो होतो, अजून एक थर्मामीटर घेतला. रात्री दोन्ही एका ठिकाणी ठेवून बघितले, अर्ध्या अंशाचा फरक आहे, चालेल. मग पेटीचा विचार करत होतो तर मागीलदारी कोंबड्यांचं जुनं डालगं दिसलं. बांबूचं, फटी-फटीचं, हवा खेळती. त्याला चुना फासला, वरून जुन्या पत्र्याचा तुकडा बांधला आणि अंगणाच्या खालच्या कलमाच्या फांदीला छातीच्या उंचीवर टांगलं. बायको म्हणाली आता त्यात अंडी घाला.
भिंत : २०.५. डालगं : १७.
साडेतीन अंश! म्हणजे घरात बसून मी वेगळ्याच गावात राहत होतो.

खारेवारे (बुधवार, ८.०५)
डालगं!! मानलं तुम्हाला.

दापोलीची_एसटी (बुधवार, १०.३०)
दापोलीत आज चांगलीच होती, स्टँडवर शेकोट्या. आमच्याकडे समुद्र सात-आठ किलोमीटरवर आहे पण गाव उंचावर, त्यामुळे हर्णैला खाली उतरलं की स्वेटर काढावा लागतो आणि परत वर आलं की घालावा लागतो. अर्ध्या तासाच्या प्रवासात दोन ऋतू, तिकीट तेवढंच.

मालवणी_झिल (बुधवार, १२.१५)
आमच्या वाडीत काल धयकालो (दशावतारी नाटक) होतो. संकासूर येईसर रात्रीचे बारा वाजले. म्हातारी माणसां सगळी डोक्यार टॉवेल घेवन बसलेली, थंडी म्हणान न्हय, दव पडता म्हणान. आकडो माका म्हायत नाय. पण चाय साडेतीनाकच संपली.

घाटावरचा (बुधवार, १२.४०)
हे युनिट आवडलं. थंडी मोजा चहाच्या किटलीत.

देवगडचो_कलमवाला (बुधवार, रात्री ८.५५)
आकड्यांचं कौतुक चाललंय ते ठीक आहे पण मूळ मुद्दा कुणी काढतच नाहीये म्हणून लिहितो. किनाऱ्यावरची ही जी मऊ थंडी आहे ना, हसण्यासारखी, तिच्यावर आमचं वर्ष असतं. पाऊस संपला की कलमाला ताण बसावा लागतो, ऑक्टोबरच्या उन्हाने जमीन सुकते, मग थंडी सुरू झाली की पालवीऐवजी मोहोर फुटतो. थंडी नाही पडली तर झाड लाल पालवी काढून मोकळं होतं आणि तुम्ही नुसते पानं मोजत बसा. मोहोर आल्यापासून फळ काढायला साडेतीन-चार महिने, म्हणजे आत्ताचा मोहोर एप्रिलअखेर-मे. आणि हवा कोरडी पाहिजे. ढग आले, दमट झालं की कीड नि रोग, तुडतुडे, भुरी, करपा. तुडतुड्याने मोहोर चोखला की खाली पानांवर चिकटा पडतो, उन्हात काचेसारखी चमकतात पानं, दिसायला सुंदर आणि काळजात धस्स. २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळाचा पाऊस आला, २०२१ ला १ डिसेंबरला दिवसभर कोसळला, दोन्ही वेळा फवारण्या वाढल्या त्या वाढल्याच. तेव्हा असा कोरडा, निरभ्र आठवडा मिळाला तर मी आकडा बघत नाही, देवाला नारळ ठेवतो.

पण थंडी जास्त झाली तरी पंचाईत. सलग चार-पाच रात्री चौदाच्या खाली गेल्या तर ज्या काडीवर कणी (बारीक फळ) धरलीय तिथेच शेजारून नवा मोहोर येतो. पुनर्मोहोर म्हणतात. झाड सगळं अन्न नव्याला देतं आणि वाटाण्याएवढी झालेली कणी गळते. बघायला झाड भरलेलं, लोक फोटो काढतात, वा काय मोहोर आलाय, आणि आपण खाली गळलेली कणी झाडूने लोटतोय.

पडवीवाला (बुधवार, रात्री ९.३०)
कलमवाले, हे वाचून एक विचारायचंय. माझ्या वहाळाकडच्या आठ कलमांना दरवर्षी हाच त्रास. दोन वर्षं झाली, पहिला मोहोर चांगला, कणी धरते, मग पुन्हा मोहोर आणि गळ. वरच्या सड्याकडच्यांना काही नाही. खत तेच, फवारणी तीच. लोक म्हणाले कलमंच खराब, तोडून टाका. उद्या डालगं वहाळाकडे नेऊन टांगतो.

दादरची_काकू (बुधवार, रात्री ९.४४)
नक्की न्या. आम्ही वाट बघतोय.

पडवीवाला (गुरुवार, ७.०५)
वहाळ : १३.५.
भिंत : २०.
एवढ्याशा उतारावर साडेसहा अंश. दोनदा बघितलं, काडेपेटी पेटवून बघितलं, मग लांब जाऊन पुन्हा पाच मिनिटांनी येऊन बघितलं कारण काडेपेटीनेच वाढलं असेल असं वाटलं. तेवढंच. वहाळावर कमरेएवढं धुकं होतं, वर आकाश स्वच्छ.

खारेवारे (गुरुवार, ७.५०)
काडेपेटी हाहाहा. पण उत्तर सापडलं तुमचं. रात्री सडा उघड्या आभाळाखाली असल्याने पटकन गार होतो, त्याला लागलेली हवा गार होऊन जड होते आणि पाण्यासारखी उतार धरून खाली वाहते, वहाळात साठते. म्हणूनच महाबळेश्वर उंचावर असूनही पुण्याचा किमान पारा कधीकधी त्याच्या खाली असतो. तुमचं घर उताराच्या मध्यावर, तिथे ती थांबत नाही. वहाळाकडची कलमं मात्र रात्रभर त्या डबक्यात उभी असतात.

देवगडचो_कलमवाला (गुरुवार, ८.२०)
तोडू नका हो! कलमं खराब नाहीत, जागा गार आहे. पुनर्मोहोरासाठी कृषी विद्यापीठाची जिबरेलिक ॲसिडची शिफारस आहे, ५० पीपीएम, म्हणजे वीस लिटरला एक ग्रॅम. ते थेट पाण्यात विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवायचं. वेळ कधी धरायची ते तुमच्या कृषी सहायकाला दाखवून ठरवा, कणी केवढी झालीय त्यावर असतं ते. आणि आठच झाडं आहेत तर बाकीच्यांवर कशाला खर्च.

पडवीवाला (गुरुवार, ८.३१)
अल्कोहोल आणताना बायकोला हा धागा दाखवावा लागेल.

देशमुखवाडी (गुरुवार, १.१०)
एक शंका. हवामानावर आधारित विमा आहे ना, त्यात कमी तापमानाचा निकष असतो. मग वहाळातल्याला मिळायला पाहिजे.

पडवीवाला (गुरुवार, २.००)
विमा मिळतो तो महसूल मंडळाच्या हवामान केंद्राच्या आकड्यावर. आमच्या मंडळाचं केंद्र वर सड्यावर आहे, मोकळ्यावर, वारा खात. तिथे १३.५ कधी येणार. मी डालगं घेऊन गेलो तर हाकलून देतील. सोडा, तो वेगळा धागा होईल आणि त्यात शिव्याच जास्त असतील.

वर्सोव्याची_पोर (गुरुवार, रात्री ७.१८)
आमच्याकडे या कोरड्या वाऱ्याचं सोनं. बोंबील वलांडीवर टांगले की दोन-तीन दिवसांत कडक. दमट असलं तर मऊ राहतात, काळे पडतात, वास मारतो, भाव जातो. माझी आजी सकाळी उठून पहिलं काय करते तर बोटाला थुंकी लावून वारा बघते. पूर्वेचा असला की सगळ्यांना उठवते. हवामान खातं बंद पडलं तरी चालेल आमचं.
बाकी हिवाळ्यात दर्यावर पहाटे जाणाऱ्यांना विचारा थंडी असते की नाही. अंग ओलं आणि वर तो वारा. २१ वर हसणाऱ्यांनी एकदा होडीत या.

घाटावरचा (गुरुवार, ७.४०)
शब्द मागे. मासे खायला येतो फक्त.

पणजीचो_पाव (शुक्रवार, ९.१२)
गोंयात तेंच. सकाळी धुकं, दुपारी घाम. टाचा फुटल्यात म्हणून आज भिरंडेल काढलं.

दादरची_काकू (शुक्रवार, ९.४०)
भिरंडेल म्हणजे आमचं मुठेल ना? कोकमाच्या बियांचं तेल? माहेरी राजापूरला आई बिया कांडून पाण्यात उकळायची, वर तवंग आला की काढून गार करायची आणि थिजायच्या आत मुठीत दाबून गोळे वळायची, म्हणून मुठेल. गोळ्यावर बोटांच्या खुणा तशाच राहायच्या. आई जाऊन अकरा वर्षं झाली, एक गोळा अजून आहे माझ्याकडे कपाटात. पळीत इवलासा तुकडा गरम करून चटका सोसेल तसा भेगेत सोडायचा, रात्री मोजे घालून झोपायचं. मॉलमधलं कुठलंही क्रीम त्याच्या जवळपास जात नाही. तो गोळा मात्र मी वापरत नाही. बाजारातला आणते.

पडवीवाला (शुक्रवार, ९.५५)
काकू ❤
आजचे : भिंत २०, वहाळ १४.

दापोलीची_एसटी (शुक्रवार, ४.३०)
वेळासकडून एक मित्र म्हणाला की थंडी राहिली तर कासवांची पिल्लं उशिरा निघतात, वाळू गार असते ना. एरवी पन्नासेक दिवस धरतात. फेब्रुवारी-मार्चला बघायला येणाऱ्यांनी बुकिंग करताना दोन-चार दिवस पुढेमागे ठेवा, नाहीतर नुसती वाळू बघून याल.

साळुंकी (शनिवार, रात्री ११.५०)
पोपटी झाली! कोण कोण येणार होते ते आले नाहीत, आमच्यासाठी जास्त उरलं. विचारणाऱ्यांसाठी, मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, मग वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मध्ये बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन केळीच्या पानात बांधून, परत शेंगा, तोंडाला गच्च पाला. मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती काटक्या, गोवऱ्या पेटवायच्या. पाणी एक थेंब नाही. झालं की नाही बघायला मडक्यावर पाणी शिंपडायचं, चर्र होऊन लगेच सुकलं की काढायचं. यंदा शेंगा अशा भरल्यात की सोलताना दाणा उडून शेजारच्याच्या चष्म्यावर. बाकी शेताच्या मधोमध बसलेलो, पुढून विस्तव आणि पाठीवर गारठा, पाठ शेकायला वळलो की पोट गार. घाटावरचे, थंडी आहे आमच्याकडे, पाठीपुरती.

घाटावरचा (रविवार, ८.१५)
फोटो कुठाय? फोटोशिवाय पोपटी मान्य नाही.

खारेवारे (रविवार, ८.४०)
पडवीवाले, शेवटचा आकडा? सकाळपासून बघतोय. उद्यापासून पूर्वेचा जोर कमी होईल असं दिसतंय, पहाट दोन-तीन अंशांनी चढेल, ढग मात्र नाहीत. वहाळाकडे अजून आठवडाभर मोजलंत तर मजा येईल, डालगं हलवू नका.

पडवीवाला (रविवार, १०.२५)
भिंत २०.५. वहाळाचा आकडा नाही.
सकाळी खाली गेलो तर फांदीला नुसती सुतळी. थर्मामीटर खाली दगडावर नीट ठेवलेला, शाबूत, पण उन्हात, २९ दाखवत होता. धावत वर आलो तर डालगं मागीलदारी, पत्रा काढून ठेवलेला, चुना तसाच, आणि आत तांबडी कोंबडी अंग फुगवून बसलीय. आई म्हणते कालपासून खुडूक झालीय, खाली तेरा अंडी ठेवलीत, दुसरं डालगं फुटकं आहे, तुझे आकडे एकवीस दिवस थांबतील.